उंच पट्टीची भांडणं

काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीच्या पट्टीत गाणारा पुरुष, शूबर्टचं गाणं म्हणायला उभा राहिला की श्रोत्यांत दोन तट पडायला पहिली ओळही पुरते. हाच माणूस हेंडेलच्या ऑपेरात ज्युलियस सीझर होऊन तीन तास गातो, तेव्हा कुणाला काही खटकत नाही. 'ज्युलिओ चेझारे' १७२४ साली रंगभूमीवर आला, त्यातला सीझर सेनेसिनो या कास्त्रातोसाठी लिहिलेला. लहानपणी खच्ची केलेल्या पुरुषांचे तसले गळे आता नाहीत, तेव्हा त्यांची जागा कुणीतरी भरणारच. पियानोच्या साथीवर म्हणायच्या कलागीताचं तसं नाही. सोप्रानो गायिका उदंड आहेत, उत्तम आहेत. मग त्यांचं गाणं पुरुषाने आवाज चढवून का म्हणावं? विरोधकांच्या सगळ्या मुद्द्यांत मला हा सर्वांत सरळ वाटतो. त्यात नीतीचा आव नाही. गरज काय, एवढंच विचारणं आहे.

*

आधी पट्टीचा हिशेब. बहुतेक काउंटरटेनर मधल्या 'सी'खालच्या 'जी'पासून वरच्या 'डी' किंवा 'ई'पर्यंत, म्हणजे जेमतेम पावणेदोन सप्तकं, आरामात फिरतात. बायकांमध्ये ही आल्टो आणि मेझोंची हद्द. सोप्रानोच्या गाण्यात याच्या वरचे 'जी' आणि 'ए' सर्रास येतात. त्यामुळे काउंटरटेनर सोप्रानोचं गाणं गातो तेव्हा बहुधा ते चांगलं तीन-चार स्वर खाली उतरवलेलं असतं. ब्रूनो द सा, साम्युएल मारिन्यो असे खरोखरच सोप्रानोच्या पट्टीत गाणारे पुरुष आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

म्हणजे निम्मं भांडण पट्टी बदलण्याचं आहे. ते स्त्री-पुरुषाच्या नावावर का खपवतात कोण जाणे.

*

आवाजाची घडण थोडक्यात. पुरुष नेहमीच्या आवाजात गातो तेव्हा स्वरतंतू जाडसर राहतात आणि प्रत्येक फेऱ्यात एकमेकांवर नीट मिटतात. काउंटरटेनरच्या उंच आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत, ते ताणले जाऊन पातळ होतात, मुख्यतः कडा थरथरतात, आणि मिटणं बहुधा अर्धवट राहतं. वरचे उपस्वर त्यामुळे क्षीण होतात. स्वर गोल लागतो, धार कमी. आपले गवई ज्याला चोरटा आवाज म्हणून नाक मुरडतात, तो हाच. मुरलेला काउंटरटेनर वर्षानुवर्षं घासून हे मिटणं पक्कं करतो, आणि मग त्या आवाजाला कणा येतो. पण खालच्या दोन-चार स्वरांवर तो कणा टिकवणं अवघड. तिथं एकतर आवाज विरतो, नाहीतर गायकाला छातीच्या आवाजात उतरावं लागतं आणि सांधा ऐकू येतो.

विरोधक 'पोकळ', 'घुमणारा' म्हणतात ते याच कारणाने. ऐकण्यात त्यांची चूक नाही.

*

दुसरी बाजूही ध्वनिशास्त्राचीच. सोप्रानो खूप वर गेली की शब्दांतले स्वर ओळखू येईनासे होतात: 'आ', 'ए', 'ओ' सगळे एकमेकांत मिसळतात. कितीही मोठी गायिका असो, हा शरीराचा नियम आहे. काउंटरटेनर तेच गाणं खाली म्हणत असल्यामुळे शब्द पुष्कळदा जास्त स्वच्छ कळतात. कविता वाचून मग गाणं ऐकणारे श्रोते त्याच्या बाजूला झुकताना दिसतात, आणि गळ्यावर जीव टाकणारे सोप्रानोच्या. मी पहिल्या जातीची.

*

पणजीत पियानो शिकवणाऱ्या एक बाई माझ्या परिचयाच्या आहेत. आयुष्यभर गायकांना साथ केलेली. मी हा विषय काढला तर म्हणाल्या, "गायकाचं राहू द्या हो. माझ्या डाव्या हाताचं कुणी विचारतं का?" आणि पियानोवर बसून त्यांनी शूबर्टच्या 'ग्रेटखेन आम श्पिनराडं'ची सुरुवात वाजवून दाखवली. आधी मूळच्या डी मायनरमध्ये, मग चार स्वर खाली ए मायनरमध्ये.

या गाण्यात उजव्या हाताला चरख्याचं चाक आहे, अखंड गरगरणारं. डाव्या हाताला पायाने दाबायच्या फळीचा ठेका. डी मायनरमध्ये दोन्ही वेगवेगळे ऐकू येत होते. ए मायनरमध्ये ठेका तारांच्या जाड भागात गेला आणि गढूळ झाला, चाकही जड झालं. गाणारं कुणी नव्हतंच. तरी गाणं निराळं झालं होतं.

"मग बायकांच्या आल्टोलाही हीच अडचण की," मी म्हटलं.

"असतेच की. पण त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही."

*

त्याच गाण्याविषयी आणखी. शूबर्टने ते १९ ऑक्टोबर १८१४ रोजी लिहिलं, वय सतरा. गटेच्या 'फाउस्ट'मधली ग्रेटखेन ही मुलगी चरख्यावर बसून प्रियकराला आठवते आहे. आठवण त्याच्या चुंबनाशी पोचते आणि चाक थांबतं. पियानो एका स्वरसंघातावर लटकून राहतो, मग दोनदा अडखळत चाक पुन्हा फिरवायला बघतो, तिसऱ्या खेपेला ते फिरू लागतं. शेवटी आवाज वरच्या 'ए'वर पुन्हापुन्हा जाऊन आदळतो.

माझं मत इथं विरोधकांकडे जातं. उतरवून घेतलेल्या पट्टीतही तो वरचा स्वर काउंटरटेनरच्या टोकाचाच असतो, हे मान्य. पण टोकाला गेल्यावर दोघांचं होतं ते वेगळं. चांगल्या सोप्रानोचा आवाज तिथं भरतो, रुंद होतो, आणि फाटेल की काय अशी धास्ती ऐकणाऱ्याला वाटते. फॉल्सेटो तिथं बारीक होतो, नाहीतर पांढरा पडतो. ग्रेटखेनला धास्ती हवी. नुसतं बारीक होऊन तिचं भागत नाही.

*

'हे गाणं स्त्रीसाठी आहे' म्हणणाऱ्यांना काही समर्पणपत्रिका दाखवाव्यात. शुमानची 'डिख्टरलीबं' म्हणजे पुरुषाचं प्रेम, पुरुषाचा राग, हाइनेच्या कविता. आज ते पुरुषांचंच मानलं जातं. अर्पण केलंय विल्हेल्मिनं श्रोडर-डेव्रिएंट या सोप्रानोला. फोरेची 'ला बोन शान्सों': व्हेर्लेनने आपल्या वाग्दत्त वधूसाठी लिहिलेल्या कविता, संगीत झालं ते एमा बार्दाक यांच्यासाठी, आणि त्या सोप्रानो. (पुढे त्या द्यब्यूसीच्या पत्नी झाल्या.) शूबर्टचं १८२८ मधलं 'डेर हिर्ट आउफ डेम फेल्झन', म्हणजे खडकावरचा मेंढपाळ, आना मिल्डर-हाउप्टमान यांच्यासाठी लिहिलेलं. मेंढपाळ पुरुष, गाणारी स्त्री, सोबत क्लॅरिनेट.

आणि उलट दिशेची गंमत. शूबर्टची दोन 'झुलायका' गीतं गटेच्या नावावर छापलेल्या कवितांवर आहेत. त्या कविता मारियाने फॉन विलेमर यांच्या, हे बाहेर आलं १८६९ साली. तोवर श्रोते बाईचे शब्द पुरुषाने बाईच्या तोंडी घातलेले समजून ऐकत होते, आणि कुणाचं काही अडलं नाही.

*

बर्लिनला राहणाऱ्या माझ्या भाच्याचं म्हणणं: "मावशी, लोटे लेमानने 'विंटररायझं' गायलं तर थोर, फासबेंडरने गायलं तर धाडसी, आणि कोवाल्स्कीने 'डिख्टरलीबं' गायलं तर विचित्र? हा कुठला न्याय?" योखेन कोवाल्स्कीचं ध्वनिमुद्रण त्याला फार आवडतं. मला त्यातली काही गाणी आवडतात.

त्याचा न्याय पुरता जुळत नाही, असं मला वाटतं. लेमान किंवा फासबेंडर या गायिका पुरुषाचं गाणं आपल्या स्वतःच्या, बोलण्याच्या आवाजाला लागून असलेल्या गळ्यानेच गातात. पात्र बदलतं, गळा तोच. काउंटरटेनर बोलण्याच्या आवाजापासून एक पायरी तोडून वर उभा असतो. तेव्हा लेमानच्या समोरासमोर ठेवायचा तो स्त्रीचं गाणं गाणारा बॅरिटोन. आणि तसं घडलेलंही आहे.

*

शुमानचं १८४० मधलं 'फ्राउएनलीबं उंट-लेबन'. एका स्त्रीचं आयुष्य आठ गाण्यांत: पहिली नजर, अंगठी, लग्न, बाळ, नवऱ्याचा मृत्यू. शेवटच्या गाण्यात आवाज संपतो आणि पियानो एकटाच पहिल्या गाण्याकडे परत जातो. कवी आडेलबर्ट फॉन शामिसो, पुरुष. संगीतकार पुरुष. इतकी नम्र, नवऱ्यापुढे इतकी वाकलेली बायको दोन पुरुषांनी मिळून रचली, याचा आज अनेक श्रोत्यांना राग येतो. काही गायिकांनाही ते गाताना अवघड वाटतं.

एकोणिसाव्या शतकातच युलियुस श्टोकहाउझेन या बॅरिटोनने हे गीतचक्र मैफलीत गायलं होतं. आपल्या काळात रॉडरिक विल्यम्स यांनीही गायलं. विल्यम्स आपल्या मूळ भारदस्त आवाजात गातात, बाईचा आवाज काढायला जात नाहीत. एका गटाला वाटतं, अशाने गाण्यातला पुरुषी हात उघड दिसतो आणि ते बरंच आहे. दुसरा गट म्हणतो, त्या बाईचा होता नव्हता तेवढा आवाजही काढून घेतलात.

काउंटरटेनर या भांडणात मधेच सापडतो. त्याचा आवाज स्त्रीच्या पट्टीत असतो, त्यामुळे उघडेपणा साधत नाही. आणि तो स्त्री नसतो, त्यामुळे दुसरा गटही त्याला आपला म्हणत नाही. या एका चक्रापुरतं मी म्हणेन, एकतर मेझो असावी नाहीतर बॅरिटोन.

*

आता जिथं मी पूर्ण शरण जाते ते. फिलिप जारूस्की आणि पियानोवादक जेरोम द्यूक्रो यांचा २००९ मधला 'ओपियम' हा फ्रेंच गीतांचा संग्रह. त्यात रेनाल्दो आनचं 'आ क्लोरिस' आहे. पियानोचा डावा हात बाखच्या चालीने एकेक पाऊल उतरत जातो, उजव्या हातात एक छोटा मुरका पुन्हापुन्हा येतो, आणि या दोघांचं आपसात ठरलेलं असताना गाणारा हळूच आत येतो, जवळजवळ बोलल्यासारखा. क्लोरिस, तू माझ्यावर प्रेम करतेस हे खरं असेल तर, एवढंच त्याला म्हणायचं आहे. चाल फार वर जात नाही, खालीही दबत नाही. मोठं होऊन दाखवायची जागाच नाही.

जारूस्कीचा आवाज इथं नेमका बसतो. कंप अगदी थोडा, तोही स्वर लागून गेल्यावर. वाक्याच्या शेवटी तो श्वास सोडत नाही, स्वरच पातळ करत नेतो. भारी गळ्याची सोप्रानो या गाण्यात स्वतःला आवरून धरते आणि तो आवर ऐकू येतो. याला आवरायचं काही नाही.

विरोधक म्हणतात, एक गाणं ठीक, चोवीस ऐकून दाखवा. ऐकली. मधली काही मीही सोडते. सगळीकडे तोच चंदेरी रंग, हा आरोप बिनबुडाचा नाही. संग्रहात मधूनच बासरी आणि व्हायोलिन येतं तेव्हा कान सुटल्यासारखे होतात.

स्वतः आन पियानोवर बसून, ओठात सिगारेट ठेवून, हलक्या बॅरिटोन आवाजात आपली गाणी म्हणत. शुद्धतेचा आग्रहच धरायचा तर तिथपासून धरावा लागेल.

*

तरुण द्यब्यूसीने मारी-ब्लांश व्हास्निए या सोप्रानोसाठी बरीच गाणी लिहिली. त्या गाण्यांत वरच्या टोकावरची नक्षी आहे, त्या बाईंच्या गळ्याचं मापच आहे ते. ती खाली उतरवली की नक्षी राहते आणि टोक जातं. फ्रेंच म्हणून सगळंच काउंटरटेनरला शोभतं असं समजू नये.

*

आन्द्रेआस शोल यांचा २०१२ चा 'वाँडरर', पियानोवर तमार हाल्परिन. त्यात शूबर्टचं 'डेर टोड उंट डास मेडशेन' आहे. मुलगी घाबरून म्हणते, जा, मी अजून लहान आहे; मृत्यू जवळजवळ एकाच स्वरावर उत्तर देतो. शोल मुलीच्या ओळी आपल्या नेहमीच्या उंच आवाजात म्हणतात आणि मृत्यूच्या ओळींना खाली बॅरिटोनमध्ये उतरतात.

यावर मी दोन सुजाण माणसांना हातघाईवर येताना पाहिलं आहे. एकाच्या मते ही क्लृप्ती: एकाच गळ्याने दोन पात्रं रंगवणं ही या गाण्याची परीक्षा आहे, आणि यांनी दोन गळे आणून ती चुकवली. दुसऱ्याच्या मते हे कुठल्याही सोप्रानोला न जमणारं काम. मला विचाराल तर मृत्यूपेक्षा मुलगीच जास्त भावली. मृत्यूचा तो खालचा आवाज कमी कसलेला, साधा. पण साधेपणामुळेच तो मृत्यू घरातल्या माणसासारखा बोलतो.

*

शब्दच नसलेलं गाणं घेऊन पाहावं. रखमानिनोव्हचं 'व्होकलीज', सोप्रानो आन्तोनिना नेझ्दानोव्हा यांना अर्पण केलेलं. फक्त स्वर. कोण कुणाला काय म्हणतंय हा प्रश्नच नाही, म्हणजे पुरुष स्त्रीचे शब्द का बोलतो ही तक्रारही नाही. ब्रायन असावा या अमेरिकी काउंटरटेनरने ते वाद्यवृंदासोबत ध्वनिमुद्रित केलं आहे. ओळखीच्या काहींना, न सांगता, ऐकवलं. तट पडले, आणि तेच पडले: 'किती निर्मळ' आणि 'यात रक्त नाही'. निर्मळ म्हणणाऱ्यांतल्या एकीला वाटलं, गायिका वयाने लहान असावी. नाव सांगितल्यावर कुणीही आपलं मत बदललं नाही, हे मला आवडलं.

*

महाराष्ट्रात हा विषय निघाला की कुणीतरी बालगंधर्वांचं नाव घेतंच. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी आणि काउंटरटेनर यांची जोडी लावायचा मोह सोडावा. बालगंधर्व आपल्याच मूळ गळ्याने गात, तो फॉल्सेटो नव्हे. शिवाय ती सगळी शालू-दागिन्यांसह उभी केलेली स्त्री होती. कलागीत गाणारा पियानोजवळ कोट घालून उभा असतो आणि काहीही उभं करत नाही.

ठुमरी जास्त जवळची. तिथं मिशा असलेला माणूस नायिकेचा विरह आपल्या आवाजात मांडतो, आणि श्रोत्यांना त्यात काही ओलांडल्यासारखं वाटत नाही. आपल्या कानाला म्हणून या वादातला अर्धा भाग, पुरुषाने स्त्रीचे शब्द म्हणण्याचा, पोचतच नाही. उरलेला अर्धा, चोरट्या आवाजाचा, मात्र फार लवकर पोचतो.

*

'देवदूतासारखा' हे काउंटरटेनरचं ठरलेलं कौतुक. मला ते अपुरं वाटतं. आल्फ्रेड डेलर यांनी विसाव्या शतकात हा आवाज पुन्हा मैफलीत आणला, तेव्हा तो कँटरबरीच्या कॅथेड्रलमधून आला होता, आणि चर्चचा धूप त्याला चिकटला तो चिकटलाच. पुढे संगीतकार ब्रिटनने १९६० मध्ये 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला ओबेरॉन त्यांच्यासाठीच लिहिला, तेव्हा त्याला हाच आवाज थंड, परका, थोडा दुष्ट वाटला असला पाहिजे. ओबेरॉन हा राजा देवदूत नक्कीच नाही. कलागीतांत काउंटरटेनरला सारखं निरागस ठेवणारे श्रोते त्याचं जास्त नुकसान करतात. विरोधक निदान त्याच्याकडून रक्त तरी मागतात.

*

प्रत्यक्ष ऐकणं आणि ध्वनिमुद्रण यांत या आवाजाइतकी तफावत क्वचित पडते. लंडनचा विगमोर हॉल साडेपाचशेच्या आसपास खुर्च्यांचा. तिथं शेवटच्या रांगेतही काउंटरटेनरचा हलका शब्द पोचतो. मोठ्या सभागृहात त्याची खालची बाजू पियानोखाली जाते आणि मग साथीदार झाकण लावून वाजवू लागतो. माइक जवळ असलेल्या ध्वनिमुद्रणात यातलं काहीच कळत नाही. दोन श्रोते हमरीतुमरीवर आले की आधी विचारावं, ऐकलंत कुठं? बरेचदा एकाने हेडफोन लावलेले असतात आणि दुसरा बाल्कनीत बसलेला असतो.

*

बर्लिओजची 'ले न्युई देते', गोतिएच्या सहा कविता. आज बहुतेकदा एकच गायिका सहाही गाणी गाते, आणि काउंटरटेनर तसं करतो तेव्हा 'मूळ आवाज' वगैरे चर्चा सुरू होते. मूळ काय होतं? १८४१ ची पियानोवरची आवृत्ती मेझो किंवा टेनरसाठी. पुढे वाद्यवृंदासाठी १८५६ मध्ये छापताना बर्लिओजने गाणी वेगवेगळ्या प्रकारच्या गळ्यांना वाटून दिली, आणि 'ल स्पेक्त्र द ला रोझ' काँट्राल्टोसाठी डी मेजरवरून बी मेजरमध्ये स्वतःच उतरवलं. संगीतकाराने आपणच पट्टी बदलल्यावर आपण कुणाच्या वतीने भांडायचं?

मला ते वाटून दिलेलं एकदा ऐकायचं आहे. 'स्पेक्त्र' काउंटरटेनरला द्यावं: मुलीने नाचाला जाताना माळलेल्या गुलाबाचं भूत तिच्याशी रात्री बोलतं आहे, त्याला स्त्री की पुरुष कोण विचारणार. 'ओ सिमेतिएर' टेनरलाच. 'सुर ले लाग्युन'मध्ये मेलेल्या प्रेयसीसाठीचा शोक आहे, तिथं जड, खालचा गळा हवा, ते कुठल्याही काउंटरटेनरने मागू नये. भाच्याला हे कळवलं तर त्याचं उत्तर: "मावशी, सहा गाण्यांना चार गायक आणि पूर्ण वाद्यवृंद. मानधन तू देणार का?"